पटणे आणि रमणे : प्रणयाद्भुत कादंबरी आणि वाचकाचा अभिप्राय

१

एखादी प्रणयप्रधान किंवा अद्भुतरम्य कादंबरी नुकतीच वाचून संपविलेल्या वाचकाला तिच्याविषयी मत विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर थोड्याफार फरकाने ऐकू येते : वाचताना मन रमले, पण पटले नाही. या उत्तराचा पूर्वार्ध काहीशा संकोचाने उच्चारलेला असतो. उत्तरार्ध मात्र ठामपणे. मन रमल्याची कबुली दिल्याने वाचक म्हणून आपली पत उणावेल आणि ‘पटले नाही’ असे म्हटल्याने ती सावरली जाईल, अशी काहीशी समजूत या उच्चारामागे असते. साहित्याच्या पदव्युत्तर वर्गांतही हा संकोच आढळतो. अभ्यासक्रमातील कादंबरीविषयी बोलताना विद्यार्थी संरचना, निवेदनदृष्टी, जीवनदर्शन अशी परिभाषा सहज वापरतो. परंतु सुट्टीत वाचलेल्या प्रेमकथेविषयी किंवा जादूच्या नगरीत घडणाऱ्या कथेविषयी बोलताना त्याची परिभाषा त्याला सोडून जाते आणि तो आवड-नावड एवढ्यावरच थांबतो.

मराठी कादंबरीसमीक्षेने या उत्तराचा उत्तरार्ध तेवढा गंभीरपणे घेतला. ‘पटणे’ म्हणजे संभाव्यता, संभाव्यता म्हणजे वास्तवाशी मेळ आणि वास्तवाशी मेळ म्हणजे वाङ्मयीन श्रेष्ठता, अशी समीकरणांची एक मालिका तयार झाली. ‘रमणे’ हे मात्र वाचकाचे दुबळेपण मानले गेले. फार तर लोकप्रियतेच्या समाजशास्त्राचा विषय. भालचंद्र नेमाडे यांनी ‘मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप’ या निबंधात आरंभकाळातील ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कादंबऱ्यांपासून तीन प्रवृत्तींचा मागोवा घेतला. ही मांडणी अतिशय उपयुक्त ठरली. परंतु तिचा पुढे जो वापर झाला त्यात ‘मुक्तामाले’ची प्रवृत्ती हे जणू दोषाचे नाव बनले. एखादी कादंबरी त्या प्रवृत्तीची आहे असे म्हटले की तिच्या परीक्षणाची गरज उरत नाही, असा समज रूढ झाला.

या समजाचे एक फलित असे, की वाचकाच्या प्रामाणिक अभिप्रायात दडलेले निकष कोणीही उलगडून पाहिले नाहीत. वाचक ‘पटले नाही’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय पटलेले नसते? आणि जे पटले नाही त्यात तो रमला कसा? हे प्रश्न वाचकाच्या मानसशास्त्राचे आहेत, तसेच वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपाचेही आहेत. परस्परांपासून काळाने दूर असलेल्या काही कृतींच्या आधारे त्यांचा विचार करता येईल.

२

ज्या भाषेत या वाङ्मयप्रकाराचे सर्वसामान्य नावच ‘कादंबरी’ आहे, त्या भाषेत प्रणय आणि अद्भुत यांना परके मानले जावे, हा एक विलक्षण विरोधाभास आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाची ‘कादंबरी’ ही प्रणयकथा आहे आणि अद्भुतकथाही. तिचा एक प्रमुख निवेदक पोपट आहे; तिच्यातील चंद्रापीड हा चंद्राचा अवतार आहे; तिच्यातील प्रेमिक एका जन्मात मरतात आणि दुसऱ्या जन्मात परततात. बाणाच्या हातून ही कथा अपुरी राहिली आणि त्याच्या पुत्राने ती पूर्ण केली. आधुनिक मराठीने नव्या गद्यकथेला नाव देताना या कृतीकडे वळावे, यात केवळ योगायोग नाही. पहिल्या पिढीच्या लेखक-वाचकांच्या मनात दीर्घ गद्यकथेचा जो नमुना होता तो हाच होता. शेजारी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ होत्या. ‘सुरस’ आणि ‘चमत्कारिक’ ही दोन विशेषणे त्या काळच्या वाचकाच्या अपेक्षांचा नकाशाच आहेत.

संस्कृत साहित्यशास्त्राने या दोन्ही अपेक्षांना उच्च स्थान दिलेले आहे. भोजाने ‘शृंगारप्रकाशा’त शृंगार हाच मूळ रस मानला. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आपला पूर्वज नारायण याचे मत नोंदविले आहे, त्याच्या मते रसाचे सार चमत्कार हे असल्यामुळे सर्वत्र अद्भुत हाच एक रस होय. दोन्ही मते टोकाची आहेत आणि परंपरेने ती जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. तरीही शृंगार आणि अद्भुत यांना रसव्यवस्थेच्या केंद्रस्थानी ठेवण्याइतकी मोठी शक्यता शास्त्रकारांना त्यांत दिसली होती, हे नाकारता येत नाही. पुढे जगन्नाथ पंडिताने तर काव्याच्या लक्षणातच रमणीयतेचा समावेश केला. ‘रमणे’ या क्रियापदाला शास्त्राची प्रतिष्ठा होती. ती आधुनिक समीक्षेत हरवली.

याहून महत्त्वाचे म्हणजे ‘पटणे’ या व्यापाराचेही सूक्ष्म विवेचन अभिनवगुप्ताने केलेले आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील टीकेत त्याने सात रसविघ्ने सांगितली, त्यांतील पहिले संभावनाविरह हे आहे. जे संभवतच नाही असे प्रेक्षकाला वाटते, त्यात त्याचे चित्त स्थिरावू शकत नाही. वरवर पाहता हे वास्तववादाचेच तत्त्व वाटेल. परंतु अभिनवगुप्ताने या विघ्नावर सुचविलेला उपाय वेगळा आहे. असामान्य कृत्ये दाखवायची असतील तर ती राम आदी प्रख्यात पुरुषांच्या ठायी दाखवावीत, कारण त्यांच्याविषयीचा विश्वास लोकमनात आधीच रुजलेला असतो. म्हणजे अद्भुत वगळावे असे तो म्हणत नाही. अद्भुताला विश्वासाची भूमी हवी असे म्हणतो. सागरावर सेतू बांधला जाणे हे विघ्न नव्हे. ज्याच्याकडून तो बांधला जाईल असे वाटत नाही त्याच्याकडून तो बांधला जाणे, हे विघ्न होय. इंग्रज लेखक टॉल्किन याने १९३९ मधील परीकथेवरील व्याख्यानात असाच विचार वेगळ्या वाटेने मांडला. लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि त्या जगाचे नियम जोवर पाळले जातात तोवर वाचक आत राहतो. ते मोडले की तो बाहेर फेकला जातो.

अद्भुत कादंबरीचा वाचक ‘पटले नाही’ म्हणतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा याच जातीची असते. विमान उडाले याची तक्रार तो करीत नाही. पहिल्या प्रकरणात जे विमान उडू शकत नव्हते ते नायक संकटात सापडताच का उडाले, ही त्याची तक्रार असते. समीक्षकाने मात्र ‘पटले नाही’ हे शब्द ऐकताच विमानालाच दोषी ठरविले.

‘कादंबरी’च्या उत्तरभागातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुंडरीकाच्या मृत्यूनंतर महाश्वेता अच्छोद सरोवराच्या काठी तपस्विनी होऊन राहिली आहे. तेथे वैशंपायन येतो, तिच्यावर आसक्त होतो आणि तिने नाकारूनही तिचा पिच्छा सोडत नाही. ती त्याला पोपट होण्याचा शाप देते. वैशंपायन हा पुंडरीकाचाच नवा जन्म आहे, हे तिला नंतर कळते. लौकिक दृष्टीने यातील एकही गोष्ट संभाव्य नाही. तरीही हा प्रसंग विलक्षण पटतो. ज्याची ती जन्मभर वाट पाहत आहे तोच समोर आलेला असताना तिचा नकार खरा ठरतो, कारण त्या क्षणी त्याचे वागणे प्रियकराचे नाही. पुनर्जन्माचे अद्भुत येथे केवळ चमत्कृतीसाठी आलेले नाही. प्रेम म्हणजे व्यक्तीची ओळख की वर्तनाची पात्रता, हा प्रश्न ते उभा करते, आणि वास्तवाच्या चौकटीत तो इतक्या तीव्रतेने उभा करता आला नसता. येथे पटणे आणि रमणे वेगळे काढता येत नाहीत.

३

एकोणिसाव्या शतकातील मराठी अद्भुतरम्य कादंबरीविषयी जे लिहिले गेले त्यात एक गोष्ट वारंवार सांगितली जाते : या कादंबऱ्या समाजाकडे पाठ फिरवितात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त १८५७ सालीच हिंदू विधवांच्या स्थितीचे चित्र रेखाटले असताना हे लेखक काल्पनिक राजधान्यांत का रमले, असा आक्षेप घेतला जातो. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मधील ‘नावल व नाटक यांविषयी निबंध’ लिहून या प्रकारांची चिकित्सा आरंभली, तेव्हापासून असंभाव्यतेचा आक्षेप मराठी समीक्षेच्या हाताशी आहे.

या आक्षेपाला रिसबुडांनी स्वतःच, आणि आधीच, उत्तर देऊन ठेवले होते. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत त्यांनी मांडलेला विचार असा, की आपल्या विवाहविषयक चालीरीतींमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोवेधक असे गुणही आढळत नाहीत आणि दुर्गुणही, रोजच्या अनुभवातील गोष्टी लिहाव्या तर त्यांत चित्त वेधणारे काही नसते, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते.

ही प्रस्तावना मीनाक्षी मुखर्जी यांनी १९८५ मधील भारतीय कादंबरीविषयक ग्रंथात महत्त्वाची मानली, ते योग्यच होते. वास्तवाचे भान नसलेला लेखक असे लिहू शकत नाही. ज्या समाजात मुलीचे लग्न तिला ‘निवड’ या शब्दाचा अर्थ कळण्याआधीच होते, त्या समाजात प्रणयकथा घडायला जागाच नसते, हे रिसबुडांनी ओळखले होते. प्रणयकथेला तीन गोष्टी लागतात : दोन व्यक्ती परस्परांना पाहू शकतील अशी भेट, होकार वा नकार देण्याइतके वय, आणि त्या होकाराला काही अर्थ उरेल असा काळ. तत्कालीन पांढरपेशा हिंदू घरात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. त्या जेथे असतील असे स्थळ कल्पनेनेच उभारावे लागणार होते. अद्भुत हे येथे प्रणयाचे अलंकरण नाही. ते प्रणयाचे अधिष्ठान आहे. मुक्तामाला, रत्नप्रभा, मंजुघोषा ही शीर्षके नायिकांची नावे आहेत, हेही त्या दृष्टीने पाहावे.

या प्रकाशात ‘यमुनापर्यटन’ आणि ‘मंजुघोषा’ यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे राहत नाही. पदमनजींची कादंबरी वास्तववादी म्हणून गौरविली जाते. परंतु विधवा झालेल्या यमुनेला पुन्हा संसार देण्यासाठी लेखकाला तिला ख्रिस्ती धर्माच्या आश्रयाला न्यावे लागते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. तरी कायद्याने दिलेली वाट समाजाच्या आत चालता येण्याजोगी नव्हती. म्हणजे नायिकेला सुखान्त द्यायचा तर तिला प्रचलित समाजातून बाहेर काढणे दोन्ही लेखकांना भाग पडले. एकाने धर्मांतराचा मार्ग घेतला, दुसऱ्याने कल्पित नगरीचा. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये नायिकेला समाजाच्या आतच ठेवले आणि त्याची किंमत म्हणून सुखान्त सोडून दिला. या तिन्ही वाटा एकाच अडचणीची उत्तरे आहेत. त्यांतील एकीला ‘पलायन’ म्हणून बाजूला काढायचे आणि दुसरीला ‘दर्शन’ म्हणायचे, हा न्याय एकांगी ठरतो.

याचा अर्थ ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या थोर कलाकृती आहेत असा नव्हे. आजच्या वाचकाला त्या वाचताना जे जाणवते ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भाषा संस्कृतप्रचुर आणि वर्णने साचेबंद आहेत; सज्जन आणि दुर्जन यांची विभागणी पहिल्याच भेटीत उघड होते; संकटे येतात आणि जातात, पण त्यांचा व्यक्तीच्या मनावर ठसा उमटत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे ज्या स्वातंत्र्यासाठी ही नगरी उभारली त्या स्वातंत्र्याचा वापर नायिका फारसा करीतच नाही. तिचे प्रेम जडते, तिचे हरण होते, तिची सुटका होते. या सर्व वाक्यांत ती कर्त्याच्या जागी क्वचितच येते. बाणाच्या परंपरेतील महाश्वेता शाप देते, कादंबरी मैत्रिणीचे दुःख संपेपर्यंत विवाह न करण्याचा निश्चय करते. एकोणिसाव्या शतकातील तिच्या मराठी वारसदारांना हा कर्तेपणा मिळाला नाही. ‘मन रमले, पण पटले नाही’ असे या कादंबऱ्यांविषयी म्हणता येईल, ते या अर्थाने. न पटणारी गोष्ट कल्पित नगरी नाही. नगरी नवी असूनही तिच्यातील स्त्री जुनीच राहिली, ही ती गोष्ट आहे.

४

कर्तेपणाची ही उणीव एका लेखिकेने पुढे वेगळ्या रीतीने भरून काढली. काशीबाई कानिटकर यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. काशीबाई लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या, हे त्यांच्या चरित्रातील प्रसिद्ध सत्य आहे. लेखिका होण्याआधी त्या वाचक झाल्या, आणि ते होणेही त्यांना कष्टाने साध्य करावे लागले. त्यांच्या कादंबरीतील नायिकेचे लग्न फसवणुकीने एका मतिमंद संस्थानिकाशी लावले जाते. प्रणयकथेची वाट येथेच बंद होते. परंतु कथा संपत नाही. नायिकेच्या हाती सत्ता येते आणि ते संस्थान स्त्रियांच्या कारभाराखालील एका आदर्श राज्यात रूपांतरित होते.

या कादंबरीला अद्भुतरम्य म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. तिच्यात शाप नाहीत, विमाने नाहीत. परंतु १९२८ साली स्त्रियांनी एक राज्य चालवावे, हे कल्पित विमानाइतकेच असंभाव्य होते. काशीबाईंनी अद्भुताचे स्थान बदलले. रिसबुडांनी प्रणयासाठी नगरी उभारली. काशीबाईंनी प्रणय नाकारला गेल्यानंतर नगरी उभारली. ज्या स्त्रीला पती निवडता आला नाही तिला निदान राज्य कसे असावे हे निवडता येते, असा या कथेचा तर्क आहे. त्यामुळे वाचकाच्या मनात एक अस्वस्थता शिल्लक राहते. सत्ता ही प्रेमाची भरपाई होऊ शकते काय? कादंबरी हा प्रश्न सरळ विचारीत नाही. राज्यकारभाराच्या तपशिलात ती इतकी गुंतते की नायिकेचे एकटेपण मागे पडते. कथा म्हणून ती सैल आहे. परंतु तिची असंभाव्यता मनाशी खोटेपणा करीत नाही. ती जे स्वप्न पाहते त्याची किंमत तिच्या पहिल्याच घटनेत मोजलेली आहे.

‘ययाति’चे उदाहरण याच्या उलट आहे. वि. स. खांडेकर यांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला साहित्य अकादमीचा आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीतील अतिशय वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. प्रणय आणि अद्भुत यांचा इतका प्रतिष्ठित संयोग मराठीत दुसरा क्वचितच सापडेल. शुक्राचार्यांचा शाप, वार्धक्याची देवघेव, संजीवनी विद्या ही सर्व सामग्री महाभारताच्या आदिपर्वातून आलेली आहे. म्हणजे अभिनवगुप्ताने सांगितलेली विश्वासाची भूमी लेखकाला आयतीच लाभली होती. आपले वार्धक्य पुत्राला देता येते, याविषयी मराठी वाचकाने कधी शंका घेतली नाही.

तरीही ‘ययाति’विषयी बोलताना तिचा चाहता वाचकसुद्धा कोठेतरी थबकतो. त्याचे कारण शोधू गेल्यास ते निवेदनाच्या रचनेत सापडते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली कथा स्वमुखे सांगतात. ही योजना आशादायक आहे. महाभारतात जिच्याविषयी सांगितले जाते त्या देवयानीला येथे स्वतःचा आवाज मिळतो. परंतु तिन्ही आवाजांची घडण एकच आहे. तिघेही सुभाषितांत बोलतात, तिघेही उपमांच्या ओघात वाहतात, आणि आपल्या दोषांची मीमांसा जणू लेखकाच्याच चष्म्यातून करतात. शिवाय देवयानीला आवाज मिळाला तरी तिच्याविषयीचा निवाडा आधीच झालेला आहे. शर्मिष्ठा निःस्वार्थ प्रीतीची आणि देवयानी अहंकाराची, ही विभागणी इतकी पक्की आहे की देवयानीचे निवेदन आत्मकथन न राहता कबुलीजबाब होते.

मूळ कथेत देवयानीची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. तिने कचावर प्रेम केले, तो मेला तेव्हा त्याला जिवंत करण्याचा आग्रह पित्याजवळ धरला, आणि विद्या मिळताच गुरुकन्या म्हणून त्याने तिला नाकारले. स्वतःची निवड उघडपणे सांगणारी आणि त्याबद्दल शाप पदरात घेणारी ही स्त्री आहे. ज्या वाचकाला ही कथा आधीच ठाऊक असते त्याला खांडेकरांची देवयानी अपुरी वाटते. ‘पटत नाही’ असे तो म्हणतो तेव्हा शापाची किंवा यौवनाच्या देवघेवीची असंभाव्यता त्याच्या मनात नसते. एका बाजूने प्रीतीचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या कादंबरीने प्रीती मागणाऱ्या स्त्रीला न्याय दिला नाही, हे त्याला खटकलेले असते. अद्भुताची जबाबदारी महाभारताने उचलली. प्रणयाची जबाबदारी लेखकाची होती, आणि तेथे तो उपदेशाकडे वळला.

याच कादंबरीत वाचक रमतो, हेही तितकेच खरे. ययातीच्या अतृप्तीचे चित्रण करताना खांडेकरांची लेखणी जेव्हा बोध करावयाचे विसरते तेव्हा ती वाचकाला धरून ठेवते. भोगाच्या मागे धावणारा आणि प्रत्येक भोगानंतर अधिक रिकामा होणारा राजा हा चांगल्या-वाईटाच्या तराजूत सहज बसत नाही. वाचक त्याचा निषेध करतो आणि त्याच्यात स्वतःला पाहतो. म्हणून ‘रमणे’ म्हणजे नुसते सुखावणे नव्हे. आपल्याला आवडू नये अशा माणसाजवळ काही काळ थांबावेसे वाटणे, हाही त्याचा एक अर्थ आहे.

५

येथवरच्या विवेचनावरून वाचकाचा अभिप्राय हाच अंतिम निकष मानावा असे सुचविल्यासारखे वाटेल. तसे मानणे धोक्याचे आहे, आणि तो धोका अभिनवगुप्ताच्याच यादीत नोंदलेला आहे. तिसरे रसविघ्न म्हणजे निजसुखादिविवशीभाव. वाचक स्वतःच्या सुखदुःखाने इतका ग्रासलेला असतो की समोरची कृती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रणयकथेच्या वाचनात हे विघ्न पदोपदी संभवते. वाचकाला हवे असलेले सुख कृतीने पुरविले म्हणून ती आवडते, आणि पुरविले नाही म्हणून आवडत नाही. अशा आवडीत कृतीविषयी काहीच सांगितलेले नसते.

अमेरिकेतील जॅनिस रॅडवे यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रणयकादंबरीच्या वाचकांचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. स्मिथटन असे कल्पित नाव दिलेल्या गावातील एका पुस्तकांच्या दुकानाभोवती जमलेल्या बेचाळीस वाचक स्त्रियांची मते त्यांनी अभ्यासली. त्या दुकानातील विक्रेती स्त्री नव्या प्रणयकादंबऱ्यांविषयी स्वतःची मते देणारे एक पत्रक काढीत असे, आणि तिच्या शब्दावर इतर स्त्रिया पुस्तके निवडीत. या वाचकांचे निकष ठरलेले आणि कठोर होते. नायिकेवर अत्याचार करणारा नायक त्यांना चालत नसे. दुःखान्त चालत नसे. काहीजणी विकत घेण्यापूर्वी शेवटची पाने वाचून पाहत. रॅडवे यांचा निष्कर्ष दुपदरी आहे. घरकामातून वेळ काढून पुस्तक हाती धरणे, म्हणजे वाचनाची कृती, ही या स्त्रियांची छोटीशी बंडखोरी होती; मात्र त्या जे वाचीत ती कथा त्यांना पुन्हा त्याच कुटुंबव्यवस्थेशी समेट करायला शिकवीत असे.

या निष्कर्षातील कृती आणि कथा यांचा भेद मराठीतील चर्चेलाही उपयोगी आहे. मराठी समीक्षेने लोकप्रिय कादंबरीतील कथेची परीक्षा केली, पण वाचनाच्या कृतीचा विचार क्वचितच केला. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची मोहिनी दीर्घकाळ टिकली, फडक्यांच्या प्रणयकथांनी सुशिक्षित तरुण वाचकांची अभिरुची घडविली, या सर्व वाचनात काय घडत होते? एकाच पुस्तकात एक वाचक स्वतःपासून पळत असेल आणि दुसरी वाचक प्रथमच स्वतःकडे येत असेल. कथेच्या विश्लेषणातून हा फरक कळत नाही. कैद्याने तुरुंगाबाहेरच्या जगाचा विचार करणे आणि सैनिकाने रणातून पळणे यांत टॉल्किन फरक करतो, तो येथे आठवतो. मात्र कोणता वाचक कैदी आणि कोणता पळपुटा, हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ठरविता येत नाही.

तेव्हा समीक्षेपुढे दोन कामे उरतात. पहिले, वाचकाच्या ‘पटले नाही’ या तक्रारीची फोड करणे. ती तक्रार कल्पित जगाच्या नियमभंगाची आहे, व्यक्तिरेखेवरील अन्यायाची आहे, की न मिळालेल्या सुखाची? पहिल्या दोन तक्रारी वाङ्मयीन आहेत, तिसरी नाही. तिन्ही एकाच शब्दात व्यक्त होत असल्यामुळे त्यांची गल्लत होते. दुसरे काम ‘रमणे’ या अनुभवाला त्याचा हक्क परत देण्याचे. ज्या कृतीत वाचक रमला तिच्यात त्याला कोणती शक्यता दिसली, आणि ती शक्यता त्याच्या भोवतालच्या जगात का नव्हती, असे विचारणे हा त्या अनुभवाचा गौरव आहे. रिसबुडांची प्रस्तावना या प्रश्नाचे १८६८ मधील उत्तर होती. ‘पालखीचा गोंडा’ हे १९२८ मधील.

हे प्रश्न आज निकालात निघालेले नाहीत. जातीबाहेरच्या किंवा घरच्यांना न रुचलेल्या निवडीपायी तरुण-तरुणींना अजूनही घर, गाव, कधी जीवही गमवावा लागतो. अशा समाजात दोन व्यक्तींनी परस्परांना निवडणे आणि ती निवड टिकणे, एवढीच गोष्टसुद्धा पुष्कळांच्या दृष्टीने अद्भुत या सदरातच जमा होते. अशा वाचकाने प्रेमकथेत रमावे याचे आश्चर्य नाही. वर्गात ही कादंबरी आवडल्याचे सांगताना विद्यार्थिनी अडखळते, तेव्हा तिच्या अडखळण्यात वाङ्मयीन अभिरुचीच्या न्यूनगंडाबरोबर आणखीही काही असू शकते. तिला परिभाषा पुरविण्यापूर्वी तिचे वाक्य पूर्ण ऐकून घेणे, हे अध्यापकाचे आणि समीक्षकाचेही पहिले कर्तव्य ठरते.